खोट्याने आठवण नासते



   मंडळी रेकॉर्ड करून घेत आहेत. मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय, की आज शेवटी मी माझ्या पदरची एक गोष्ट सांगणार आहे, ती छापताना गाळायची नाही. का गाळायची नाही, ते शेवटी कळेल.

विषय साधा आहे. आपण रोज काय करतो? नामस्मरण. यात शब्द दोन आहेत. एक नाम, एक स्मरण. नामावर आपण पुष्कळ बोलतो, पुष्कळ ऐकतो. नाम सोपं आहे, नामाला मोल पडत नाही, नामाला सोवळंओवळं नाही. सगळं खरं. पण स्मरणाकडे कोणी बघतो का? नाम ठेवायचं कशात? स्मरणात. दूध कितीही चांगलं असू द्या, भांड्याच्या बुडाला कालचं आंबट राहिलं असेल तर काय होतं, हे इथं बसलेल्या आयाबायांना मी सांगायला नको. दूध नासतं. दोष दुधाचा नाही, भांड्याचा.

तसं हे स्मरणाचं भांडं आहे. आणि ते आंबतं कशानं? खोट्यानं.

खोटं बोलू नये, पाप लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकलं. ज्याला फसवलं त्याचं नुकसान होतं, हेही ऐकलं. मी आज तिसरं सांगतो. खोट्याचा पहिला घाव समोरच्यावर बसत नाही, माउली. तो आपल्याच आठवणीवर बसतो. आणि तो घाव दुखत नाही, हीच त्यातली मोठी गोम आहे. दुखलं असतं तर माणूस वैद्याकडे गेला असता.

आता हे कसं होतं ते बघा. लांब जायला नको, शिवारात चला.

दोघे भाऊ. वाटण्या झालेल्या. मधे बांध. धाकटा नोकरीला शहरात, थोरला गावी. थोरला नांगर घालतो आणि दरवर्षी एक वीत बांध कोरतो. एकच वीत! कोणाला दिसतंय? पहिल्या वर्षी कोरताना तो इकडंतिकडं बघतो. म्हणजे त्याला ठाऊक आहे आपण काय करतोय. दुसऱ्या वर्षी कमी बघतो. पाचव्या वर्षी बघतच नाही. दहा वर्षांत दहा विती, म्हणजे पाच हात जमीन सरकली. धाकटा सुट्टीला येतो, म्हणतो, "दादा, बांध त्या बाभळीच्या पलीकडं होता ना?" दादा काय म्हणतो? गळ्याला हात लावून म्हणतो, "विठोबाची आण घेऊन सांगतो, आबांच्या वेळेपासून बांध इथंच आहे."

आता मला सांगा, तो खोटं बोलतोय का? पहिल्या वर्षी बोलला असता तर ते खोटं होतं. दहाव्या वर्षी तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं आठवतंय! सरकारी मोजणी येऊ द्या, दगड पाच हात आत पडू द्या, तो म्हणेल नकाशा चुकला. म्हणेल मोजणीवाल्यानं पैसे खाल्ले. पण आपली आठवण चुकली असेल, असं त्याच्या मनातही येणार नाही. बांध त्यानं हातानं सरकवला. त्याच्या पाठोपाठ आठवण आपणहून सरकली.

आमच्या गावचा एक मुलगा मानसशास्त्र शिकतो. त्याला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, महाराज, तुम्ही जे बांधावर पाहिलं ते परदेशात लोकांनी प्रयोग करून पाहिलंय. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? फरक फक्त एका शब्दाचा. आठवड्यानं सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. पण "धडकल्या" हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण म्हणाले, पाहिली. आणि "चुराडा" ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण म्हणाले, पाहिली.

लक्षात येतंय का? त्या मुलांचा काही स्वार्थ नव्हता. दुसऱ्याच्या तोंडचा एक शब्द कानावर पडला, तर न फुटलेली काच दिसायला लागली. मग जो माणूस स्वतःच्या स्वार्थासाठी, स्वतःच्या तोंडानं, वर्षानुवर्षं एकच खोटं सांगतो, त्याला काय काय दिसत असेल! ही न फुटलेली काच ध्यानात ठेवा. आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

बोला, विठ्ठल विठ्ठल.

आता शास्त्राकडे येऊ. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची कथा आहे. आपल्याला ठाऊक असते ती कालिदासाची. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटात सापडलेली अंगठी. शाप होता म्हणून राजा विसरला, बिचाऱ्याचा काय दोष! पण व्यासांच्या कथेत शाप नाही आणि अंगठीही नाही. दुष्यंत कण्वांच्या आश्रमात आला, त्यानं शकुंतलेशी गांधर्वविवाह केला, तुझाच मुलगा युवराज होईल असं वचन दिलं आणि निघून गेला. पुढे ती लेकराला घेऊन भर दरबारात उभी राहिली. आणि व्यास काय लिहितात? राजाला सगळं आठवत होतं. आठवत असूनही तो म्हणाला, मला आठवत नाही.

शकुंतलेनं त्याला जे सुनावलं, त्याचा भाव असा आहे. राजा, खरं काय आणि खोटं काय हे तुझं हृदय जाणतं. तुला वाटतं, त्या वेळी तू एकटा होतास. पण हृदयात राहणारा जुना साक्षी तुला माहीत नाही का? सूर्य, चंद्र, वारा, अग्नी, दिवस, रात्र, हे सगळे माणसाची करणी जाणतात.

पुढे आकाशवाणी झाली. राजानं तेव्हा कबूल केलं, की मला ठाऊक होतं, लोकांनी संशय घेऊ नये म्हणून मी तसं बोललो. तोच मुलगा भरत. पण विचार करा, आकाशवाणी झाली नसती तर? राजा आज म्हणाला आठवत नाही, उद्याही तेच म्हणाला असता. पाच-दहा वर्षांनी त्याला खरोखरच आठवलं नसतं. कालिदास मोठा दयाळू कवी. त्यानं राजाला शापाची सबब दिली. आपल्याला कोणी दुर्वास भेटत नाही, माउली. म्हणून आपण आपला शाप आपणच तयार करतो. उसने पैसे? आठवत नाहीत. दिलेला शब्द? आठवत नाही. आणि गंमत बघा, येणं मात्र तोंडपाठ! कोणाकडून किती, कोणत्या वारी, किती वाजता दिले, कोण कोण हजर होतं, सगळं पाठ. देणं तेवढं धूसर. अहो, एकाच डोक्यात ठेवलेल्या दोन आठवणी. एक लख्ख आणि एक पुसट, असं का व्हावं?

याचं उत्तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. माणूस बुडतो कसा, त्याच्या पायऱ्या भगवंतांनी सांगितल्या. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश, स्मृती गेली की बुद्धीचा नाश आणि बुद्धी गेली की माणूस संपला. क्रम बघा. बुद्धी नंतर जाते, आधी आठवण जाते. आपण म्हणतो, त्याची बुद्धी फिरली हो. भगवंत सांगतात, बुद्धी फिरायच्या आधी त्याची आठवण फिरलेली असते. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन काय म्हणतो? मला काहीतरी नवं मिळालं, असं म्हणत नाही. मोह गेला, स्मृती परत आली, असं म्हणतो. एवढी सगळी गीता सांगून झाल्यावर अर्जुनाच्या पदरात काय पडलं? त्याची गेलेली आठवण.

तुम्ही म्हणाल, महाराज, आम्ही विसरलो तर विसरलो, बरंच झालं की! खोटंही पचलं आणि टोचणीही गेली. पण तुम्ही विसरलात म्हणून जग विसरतं का?

धर्मराजाचं बघा. युद्धाचा पंधरावा दिवस. द्रोणाचार्य आवरत नव्हते. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि ओरडला, अश्वत्थामा मेला. द्रोणांचा विश्वास बसेना. त्यांनी विचारलं कोणाला? धर्मराजाला. कारण तिन्ही लोकांचं राज्य मिळालं तरी हा खोटं बोलणार नाही, ही त्यांची खात्री. आणि धर्मराज अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं बोलला, हत्ती हे पुटपुटला. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालत असे. तो त्या क्षणी खाली टेकला.

आता कोणत्याही गावात जा आणि विचारा, धर्मराज आयुष्यभर खरं बोलला, त्यातलं एखादं वाक्य सांगा. सांगता यायचं नाही. आणि विचारा, खोटं काय बोलला? शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल! पांढऱ्याशुभ्र भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढा. येणारा-जाणारा चुना बघत नाही, रेघ बघतो. लोकांची आठवण अशी आहे. आणि देवाची? शेवटी स्वर्गात गेल्यावर धर्मराजाला थोडा वेळ नरक पाहावा लागला. का? इंद्रानं कारण सांगितलं, तू द्रोणांना त्यांच्या मुलाविषयी कपटानं बोललास. आयुष्यभराचं सत्य एका पारड्यात होतं, तरी ते अर्धं वाक्य हिशोबातून सुटलं नाही. चित्रगुप्त म्हणतात तो दुसरा कोण? गुप्त ठेवलेली चित्रं. आपण आपल्याकडची चित्रं कितीही पुसली, तरी त्याच्याकडची प्रत कायम आहे.

बोला, विठ्ठल विठ्ठल.

आता आख्यान कर्णाचं. सावध होऊन ऐका, कारण खोट्याचा आणि आठवणीचा संबंध एवढा उघड कुठंच सांगितलेला नाही.

कर्णाला ब्रह्मास्त्र हवं होतं. तो द्रोणांकडे गेला. द्रोणांनी त्याला नाकारलं. का? तो सूताच्या घरचा म्हणून. हा अन्याय होता, माउली. अंगात गुण असताना जन्मावर बोट ठेवून दाराबाहेर उभं करणं हा अन्यायच. या वारकऱ्यांच्या वाळवंटात उभं राहून मी दुसरं काही म्हणू शकत नाही. पण कर्णानं त्या अन्यायाला उत्तर काय शोधलं? खोटं. तो महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेला आणि म्हणाला, मी ब्राह्मण आहे, भृगुकुळातला आहे. परशुरामांनी त्याला जवळ केलं. विद्या दिली, प्रेम दिलं, ब्रह्मास्त्र दिलं.

एके दिवशी उपवासानं थकलेले गुरू शिष्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. तेवढ्यात एक किडा आला आणि कर्णाची मांडी पोखरू लागला. रक्त वाहायला लागलं. कर्ण हलला नाही. गुरूंची झोप मोडू नये म्हणून त्यानं हूं की चूं केलं नाही. केवढी ही गुरुसेवा! रक्ताचा ओलावा लागून परशुराम जागे झाले. त्यांनी मांडी पाहिली आणि म्हणाले, हे सोसणं ब्राह्मणाचं नाही. हे क्षत्रियाचं धैर्य आहे. खरं सांग, तू कोण?

बघा, कर्णाला उघडं कोणी पाडलं? त्याच्या दुर्गुणानं नाही पाडलं. त्याच्या सद्गुणानंच त्याला उघडं पाडलं. खोट्याच्या पायावर चांगुलपणा उभा केला की चांगुलपणासुद्धा आपल्याविरुद्ध साक्ष देतो. कर्ण पायाशी पडला, म्हणाला, मी सूतपुत्र आहे, अस्त्राच्या लोभानं तसं बोललो. तेव्हा परशुरामांनी शाप दिला. काय शाप दिला? हात झडतील म्हणाले का? डोळे जातील म्हणाले का? नाही. म्हणाले, तू खोटं बोलून हे अस्त्र मिळवलंस, म्हणून तुझ्या बरोबरीच्या वीराशी लढताना, मरणाची वेळ आली असताना, ते तुला आठवणार नाही.

विद्या काढून घेतली नाही. अस्त्र त्याच्याजवळच राहिलं. फक्त खऱ्या गरजेच्या क्षणी आठवणार नाही, एवढंच! खोट्याला याहून नेमकी शिक्षा कोणती?

युद्धाचा सतरावा दिवस उजाडला. समोर अर्जुन. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलं. परशुरामांनी दिलेलं अस्त्र मनात येईना. जन्मभर ज्याच्यासाठी खोटं बोलला, ते आता ओठावर येईना. कर्ण खाली उतरला, चाक उपसू लागला आणि अर्जुनाला म्हणाला, थांब, मी रथाखाली आहे, धर्म आठव.

तेव्हा भगवान श्रीकृष्ण बोलले. ते म्हणाले, कर्णा, आज तुला धर्म आठवला, बरं झालं. लाक्षागृह पेटवलं तेव्हा तुझा धर्म कुठं होता? एकवस्त्रा द्रौपदीला सभेत ओढून आणली आणि तू हसलास, तेव्हा तुझा धर्म कुठं होता? एकट्या अभिमन्यूला तुम्ही अनेकांनी मिळून मारलंत, तेव्हा कुठं गेला होता तो धर्म?

व्यास सांगतात, कर्णानं लाजेनं मान खाली घातली. त्याच्याजवळ उत्तर नव्हतं.

माउली, मंत्र विसरला तो परशुरामांच्या शापानं. पण या बाकीच्या गोष्टी? त्यांना कोणाचा शाप होता? द्रौपदी विसरला, अभिमन्यू विसरला. अभिमन्यूला जाऊन तर चारच दिवस झाले होते! दुसऱ्याचा धर्म लख्ख आठवतो, आपला अधर्म पुसट होतो. ही विस्मृती कर्णानं स्वतःच्या हातानं कमावली होती. आणि भगवंतांनी शेवटच्या क्षणी काय केलं? त्याला त्याची आठवण परत दिली. मला तर वाटतं, तीही कृपाच.

गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितलंय, अंतकाळी जे आठवेल तिकडे जीव जातो. आपण सगळे त्या आशेवर आहोत, की शेवटी विठ्ठल आठवेल. पण जन्मभर ज्या आठवणीला आपण वाकवलं, पुसलं, रंगवलं, ती त्या घटकेला सरळ वागेल का? याची मला भीती वाटते. दुसऱ्यांसाठी नाही, स्वतःसाठी वाटते. आणि तीच आता सांगायची आहे.

१९९७ ची आषाढी. मी तरुण होतो, आमच्या दिंडीचा हिशोब माझ्याकडे. आमचे विणेकरी वयानं मोठे, सगळे त्यांना बाबाच म्हणत. दिंडीत एका वाडीची वर्गणी यायची होती, २३०० रुपये. त्या वाडीचे म्हातारे कारभारी एका संध्याकाळी आले, फडक्यात बांधलेले पैसे माझ्या हातात दिले आणि पाणी पिऊन गेले. पावती मागितली नाही, मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी माझी आई दुखण्यानं पडली. दवाखान्यात आधी पैसे भरायचे होते. मी ते भरले. बाबांकडे मागितले असते तर त्यांनी दिले असते. पण मागायची लाज वाटली, घ्यायची वाटली नाही. चार दिवसांनी बाबांनी विचारलं, "वाडीचे आले का रे?" मी म्हणालो, "नाही आले, बाबा." एवढंच.

आई वाचली. त्याच पावसाळ्यात ते कारभारी वारले. वाडी म्हणाली, आम्ही पैसे दिले. गाव म्हणालं, कोणाकडे? वाडी म्हणाली, कारभाऱ्यांकडे. मग लोकांनी आपापसात ठरवून टाकलं, कारभाऱ्यानं मधेच खाल्ले. मेलेला माणूस काय बोलणार! मी समोर बसलो होतो. गप्प बसलो. पुढे पंगतीला वाडीची पोरं बसली की कोणीतरी हळूच म्हणायचं, वर्गणी गिळणारी वाडी. बाबा मात्र त्या वर्षापासून वाडीच्या माणसांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवायचे. मला वाटायचं, बाबांचा स्वभावच भोळा.

आता पुढचं ऐका. मी कीर्तनं करायला लागलो. प्रामाणिकपणावर बोलताना मी एक गोष्ट सांगायचो. तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकली असेल. आईच्या दुखण्यात दिंडीचे पैसे वापरावे लागले, मग मी घरची कालवड विकली आणि पैन्‌पै बाबांच्या हातात आणून दिली. कालवड हंबरत गेली, असं सांगताना माझा गळा दाटून यायचा. बायका डोळे पुसायच्या. बाबा माझ्या शेजारीच वीणा घेऊन उभे असायचे. त्या गोष्टीच्या वेळी ते मान खाली घालून तार लावत बसायचे. तार लागलेलीच असायची.

गेल्या चैत्रात बाबा गेले. त्यांच्या मुलानं एक जुनी वही आणून दिली, दिंडीची आहे म्हणून. त्यात त्या वर्षाच्या पानावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: वाडीचे २३०० महाराजांकडे पोचले होते, उशिरा कळले. त्यांच्या आईचे दुखणे. माझ्याकडून भरले. मागू नये.

मी म्हटलं, बाबांचं चुकलं. मी तर परत केलेत! खरं सांगतो माउली, माझ्या मनात पहिलं हेच आलं. मोजणीवाला चुकला! मग घरातले जुने कागद काढले. कालवड विकली होती, हे खरं निघालं. त्याच आठवड्याची विहिरीच्या मोटारीची पावती निघाली. कालवडीचे पैसे मोटारीला गेले होते.

आणि अजून सांगतो. मी नोटा मोजतोय, बाबा त्या वीण्याच्या खोळीत ठेवतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे. वही वाचल्यावरही आहे. या क्षणीही आहे. घडलेलंच नाही ते! ही माझी न फुटलेली काच. वीस-पंचवीस वर्षं मी ती लोकांना दाखवत फिरलो.

बाबांनी कारभाऱ्यांचं नाव का मोकळं केलं नाही? मी खूप विचार केला. मला वाटतं ते वाट बघत होते, की हा आज सांगेल, उद्या सांगेल. माझ्या एका खोट्यानं त्या सत्पुरुषाच्या तोंडालाही कुलूप घातलं.

मी वाडीवर गेलो. मारुतीच्या देवळात माणसं गोळा केली, सगळं सांगितलं, बाबांच्या मुलाला त्यांचे पैसे दिले. कारभाऱ्यांच्या घरच्या आजी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हाराज, पैशाचं ऱ्हाऊ द्या. आमच्या घरचा मानूस चोर म्हणून गेला. तुमी ती कालवडीची गोष्ट जितक्या गावांत सांगितली, तितक्या गावांत ही बी सांगा."

म्हणून सांगतोय. आणि म्हणूनच छापायला सांगितलं. एक तर सगळ्या गावांत माझं जाणं होईल असं नाही, पुस्तक जाईल. दुसरं म्हणजे, मला माझ्या आठवणीचा भरवसा राहिलेला नाही. आणखी पाच वर्षांनी मी हीच गोष्ट जरा गोड करून सांगायला लागेन. तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी हे पान माझ्यापुढं धरा.

मग उपाय काय? तुकोबारायांकडे बघा. घर वाण्याचं, सावकारीचं. लोकांकडून येणं असलेली खतं घरात होती. त्यांनी भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. लोकांकडून येणं बुडवलं, स्वतःचं देणं नाही बुडवलं! आपण नेमकं उलटं करतो. येण्याची वही जपतो आणि देण्याची इंद्रायणीत सोडतो. आजपासून एवढंच करा. दुसऱ्याचं आपल्याकडे काय आहे, ते रोज झोपताना हरिपाठ झाल्यावर एकदा आठवा. पैसा असेल, जमिनीची वीत असेल, दिलेला शब्द असेल, नाहीतर कोणावर घातलेला आळ असेल. खोटं निघून गेलं असेल तोंडातून, तर त्याच दिवशी माघारी घ्या. पहिल्या दिवशी ते एक वाक्य असतं. दहाव्या वर्षी ती आठवण होते, आणि आठवण माघारी घेता येत नाही. आमच्या दिंडीत आता प्रत्येक रुपयाची पावती फाडली जाते आणि दर एकादशीला हिशोब देवळात मोठ्यानं वाचला जातो. पहिला वाचतो तो वाडीचा माणूस.

आजींच्या घरी मी अजून जातो. त्या चहा देतात. पण आपल्या माणसाचा विषय निघाला की बोलायच्या थांबतात. ते देणं कसं फेडायचं, मला कळलेलं नाही. विठ्ठलाच्या चरणी एकच मागणं आहे, की ते विसरू देऊ नकोस. ज्या भांड्यात तुझं नाम ठेवायचं आहे, ते तू मला घासून दे. घासताना दुखलं तरी चालेल.

झालेली सेवा विठ्ठलचरणी अर्पण करतो. चुकलं ते माझं, बरं झालं ते संतांचं. बोला, विठ्ठल विठ्ठल. रामकृष्णहरी.